पोटातला घरभेदी

थापानानांच्या खुर्चीत अर्धी दाढी घेऊन ताटकळणं त्या बाजारपेठेत कुणालाच नवं नव्हतं. एक गाल तुकतुकीत, दुसऱ्यावर साबणाचा फेस, आणि न्हावी गायब. गोष्ट ऐन रंगात आलेली असायची. मगरीनं राजाचा पाय धरलाय, तलवार नदीत पडलीय, राजाच्या हातात उरलाय तो फक्त कंगवा. इथे नाना वस्तरा मिटायचे, "आलोच," म्हणायचे आणि मागच्या दारानं पसार व्हायचे. फेस वाळून त्याला भेगा पडायच्या, पण गिऱ्हाईक जागचं हलत नसे. एकदा म्हणे नाना परत येईपर्यंत तासलेल्या गालावर पुन्हा दाढी वाढली होती. हे खुद्द नानांनीच सांगितलंय, तेव्हा निम्मं तरी खरं धरायला हरकत नाही.

"कुठे थांबावं हे नानांकडून शिकावं," लोक म्हणायचे.

नाना मिशीतल्या मिशीत हसायचे. कुठे थांबावं हे नानांना मुळीच कळत नव्हतं. ते त्यांच्या आतड्याला कळत होतं.

मोठ्या आतड्याला आतून सूज, जखमा, वर रक्त. कळ आली की कुणाच्या बापासाठी थांबायची नाही. बाजारात कुठल्या दुकानामागच्या संडासाला धड कडी आहे, कुठे नळाला पाणी आहे आणि कुठे नुसतीच रिकामी बादली, हे नानांना तोंडपाठ होतं. दुखणं मात्र त्यांनी दुकानात कुणाला कळू दिलं नव्हतं. पोटात पीळ पडायचा, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, आणि त्याच अवस्थेत, आतून कडी लावून बसले असताना, त्यांना कंगव्याचं काय करायचं ते सुचायचं. बाहेर येऊन ते उरलेली दाढी आणि उरलेली गोष्ट एकदमच पुरी करायचे.

एवढ्यावर भागलं असतं. पण झिपरी होती.

झिपरी म्हणजे नानांची नात. लेक लग्न होऊन लांब गेलेली. बसनं अख्खा दिवस लागतो, आणि बस थांबते ती ड्रायव्हरच्या मर्जीनं, प्रवाशाच्या पोटाच्या नव्हे. लेकीच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे तिलाही हलता येत नव्हतं. पोर जन्मली, रांगली, चालली, बोलायला लागली, ते सगळं नानांनी फोनच्या काचेतच बघितलं. वर लेकीनं हट्ट धरलेला.

"बाबा, हिच्या केसांना पहिली कात्री लागेल ती तुमची."

"अगं, डोळ्यांत जातात तिच्या. तिकडे काय न्हावी नाहीत?"

"आहेत ना. पण मी तुमची पोर आहे. दुसऱ्याच्या हातात कात्री बघितली की माझाच जीव खालीवर होतो."

मग केस वाढतच राहिले. दुकानात नाना सांगायचे, "माझ्या नातीच्या डोक्यात चिमणीनं संसार थाटलाय. थोरलं पिल्लू तर आता वेगळं बिऱ्हाड बघतंय." लोक हसायचे. पण फोनवर झिपरी दोन्ही हातांनी केस पडद्यासारखे बाजूला सारायची आणि मधून विचारायची, "आजोबा, तू कधी येणार?"

"लवकर," नाना म्हणायचे. थापा मारण्यात हयात गेलेल्या त्या माणसाला ही एवढीच एक थाप जड जायची.

शेवटी त्यांनी डॉक्टरीणबाईंना साफ विचारलं, "बाई, मी बसमध्ये बसू शकेन असं करा. बाकी काही मागत नाही."

बाई लेकीच्याच वयाच्या. काहीही समजवायचं झालं की कागद ओढून चित्र काढायची त्यांना खोड. त्यांनी खांद्याला खांदा लावून उभी असलेली चौकोनांची एक रांग काढली.

"हे आतड्याचं अस्तर. पेशींची एकच ओळ असते, नाना. अलीकडे अन्न, पाणी आणि जंतूंची झुंबड. पलीकडे तुमचं रक्त आणि त्याचे पहारेकरी. दोन पेशींच्या मधल्या फटीला काही प्रथिनं टाके घालून ठेवतात."

"आणि टाके उसवले तर?"

"नको ते पलीकडे झिरपतं. पहारेकरी खवळतात. त्यांच्या मारामारीत आणखी टाके उसवतात."

"पण आधी काय? टाका की मारामारी?"

"ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही," बाई म्हणाल्या. "या प्रथिनांत क्लॉडिन नावाचं एक घराणं आहे. त्यातले बरेच भाऊ फट घट्ट धरतात. एक भाऊ मात्र तिथेच भोक पाडून ठेवतो."

"घरभेदी," नाना म्हणाले.

"अगदी तसाच नाही हो. एरवी त्याच्या वाटेनं थोडं पाणी ये-जा करतं, तेही लागतं. पण सूज असली की हा माजतो आणि घट्ट धरणारे कमी पडतात."

"म्हणजे भाऊबंदकी. लोकांच्या घरात असते, माझ्या पोटात निघाली."

बाईंनी पुढे बरंच सांगितलं, पण नाना घरी पोचेपर्यंत त्यातलं एकच डोक्यात उरलं होतं. प्रथिनं कमी पडलीत. दुकानात रोज डोकं तासून घ्यायला येणाऱ्या पैलवानाला त्यांनी सहज विचारलं, तर त्याचे डोळे चमकले.

"प्रथिनं? नाना, आधी बोलायचं ना. माझ्याकडे पावडरीचा डबा आहे. वर अंडी खा. महिनाभरात तुमच्या दंडावर बेडकी येते की नाही बघा."

"दंडावर नको रे. जरा आत पाहिजे."

"आतसुद्धा येईल."

नानांनी पावडर घोटली, अंडी रिचवली. आतड्यानं त्याचा जाहीर निषेध केला. त्या आठवड्यात बाजारातली एकही कडी थंड पडली नाही, आणि एका गिऱ्हाइकाच्या एकाच दाढीत दोन राजे, एक मगर आणि एक भूत अर्धवट सोडून नाना तीनदा पळाले.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नाना, टक्कल पडलेल्या माणसाला तुम्ही केस खायला सांगता का?"

नानांनी नकाराची मान हलवली. बाईंनी पुढे विचारलं, "मग? हे टाके पेशी आपल्या आपणच विणतात. ते डब्यात मिळत नाहीत. आपण आधी मारामारी थांबवू, म्हणजे त्यांना विणायला उसंत मिळेल."

त्यांनी नवी इंजेक्शनं सुरू केली. त्याआधी दुर्बिणीनं आतडं तपासलं, आणि त्यातून एक बारीकसा तुकडा आपल्या अभ्यासासाठी मागितला. घरभेदी किती माजलाय आणि शिवणारे किती उरलेत ते त्यांना बघायचं होतं.

"घ्या ना," नाना म्हणाले. "माझ्याकडून खरी वस्तू आजवर कुणी मागितलीच नव्हती."

पहिले काही आठवडे फरक दिसेना. मग हळूहळू रक्त थांबलं. कळा विरळ झाल्या. आणि एका सकाळी पैलवान खुर्चीत बसलेला असताना नानांनी नवी गोष्ट काढली. हत्ती विहिरीत पडलाय. दोर तुटायला आलाय. दोर धरणारा एकटाच, आणि नेमकी त्याला शिंक येतेय.

नाना थांबले. सवयच ती. पैलवान थांबला. बाकावरचे चौघे थांबले.

"जा ना," पैलवान म्हणाला.

"कुठे?"

"नेहमी जाता तिथे."

नाना पोटाकडे बघत राहिले. पोट गप्प होतं, जेवून झोपलेल्या मांजरासारखं. तरी ते मागच्या दारानं गेले, कडी लावली, उभे राहिले. ना कळ, ना काजवे, ना शेवट. आनंदानं नाचावं की डोकं धरावं, त्यांना कळेना. दुखणं जाताना बरोबर गोष्टींचे शेवटही घेऊन गेलं की काय? बाहेर येऊन त्यांनी पैलवानाचं डोकं पुरं केलं. हत्ती विहिरीतच राहिला.

त्या दिवसापासून पैलवान आल्या आल्या विचारायचा, "निघाला का?"

"दोर शोधतोय," नाना म्हणायचे.

मग पुन्हा दुर्बीण झाली. बाईंनी नानांना पडद्यासमोर बसवलं आणि दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. टाके दिसावेत म्हणून रंग दिलेला, त्यामुळे ते हिरव्या रेषांसारखे चमकत होते. जुन्या चित्रात रेषा जागोजागी तुटलेल्या. नवशिक्यानं हजामत केली की डोकं दिसतं, तशी गत. नव्या चित्रात बारीक जाळी होती, एकसारखी, जिथल्या तिथे.

नानांनी त्या जाळीवरून कंगव्यासारखी बोटं फिरवली.

"वरून अस्तर बरं दिसलं तरी कधी कधी शिवण कच्ची असते," बाई म्हणाल्या. "तुमची धरतेय."

"आणि घरभेदी?"

"आहे की. तो असणारच. पण आता चार भावांत गुमान बसलाय."

"मग बसनं जाऊ?"

"जाऊन या. इंजेक्शन चुकवायचं नाही. आणि पुन्हा कधी उसवणारच नाही, असं काही मी लिहून देणार नाही."

"लिहून घेऊन तरी काय करू? मला केस कापायचेत."

बसमध्ये नानांनी तरीही दाराजवळची जागा धरली. पहिले दोन थांबे त्यांनी कडी असलेलं दार शोधण्यात घालवले. तिसऱ्याला ते विसरले. चौथ्याला ते घोरत होते, आणि ते इतकं की ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेऊन इंजिन तपासलं म्हणतात.

झिपरी दारात उभी होती. तिनं पडदा सारला, नानांना खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "तू फोनमध्ये बारीक होतास."

लेकीनं बापाच्या हातातली पिशवी घेतली आणि उगाचच दोनदा खाली ठेवून उचलली.

दुपारी झिपरीला स्टुलावर बसवलं, गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं. एक बाजू कापून झाली तशी पोर चुळबुळायला लागली. मग नानांनी नाइलाजानं हत्ती काढला, कारण मनात दुसरं काही येतच नव्हतं. विहीर आली, दोर आला, शिंक आली. नानांच्या कपाळावर घाम आला. पुढे काहीच नव्हतं.

"आजोबा, थांब," झिपरी म्हणाली. "मला शी आली."

ती स्टुलावरून घसरली आणि अर्ध्या डोक्यानं, कापड फरफटत पळाली. दार लोटलं गेलं. नाना हातात कात्री घेऊन दाराबाहेर उभे. दाराच्या या बाजूला ते पहिल्यांदाच उभे होते.

"आजोबा, आहेस ना?" आतून आवाज.

"आहे गं."

"जायचं नाही."

"अर्धं डोकं टाकून कुठे जाऊ?"

आत नळ बादलीत वाहत होता. थोडा वेळ नुसता त्याचाच आवाज.

"आजोबा, विहिरीत पाणी ओत ना."

"कशाला?"

"माझं प्लास्टिकचं बदक बादलीत खाली असतं. बादली भरली की वर येतं."

नानांनी भिंतीला पाठ टेकली. हत्ती पोहतो, हे त्यांना एवढ्या दिवसांत सुचलं नव्हतं.

पोर बाहेर आल्यावर त्यांनी उरलेले केस आणि उरलेली गोष्ट एकदमच पुरी केली. गावातल्या सगळ्या बादल्या लागल्या, पण हत्ती तरंगत वर आला. आणि झिपरीला कपाळ आहे, हे घरात सगळ्यांना त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी नानांनी पैलवानाला फोन लावला.

"निघाला हत्ती."

"निघाला? कसा काय? दोर होता का मजबूत?"

"दोर नव्हताच," नाना म्हणाले. "झालं असं, की सगळा गाव विहिरीपाशी गोळा झाला, प्रत्येकाच्या हातात एकेक बादली, आणि तेवढ्यात..."

"तेवढ्यात काय?"

नानांनी पोटावरून सावकाश हात फिरवला. पोट अगदी शांत होतं.

"आलोच," म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.