शून्य तक्रारी

स्नेहलनं टिपणीसकाकांच्या गोळ्यांची गुंडाळी पिशवीत सरकवली, वर पालकाची जुडी ठेवली आणि चेन ओढली. आठवडाभराच्या गोळ्या सकाळ-रात्रीच्या वेगवेगळ्या पुड्यांत बंद केलेल्या, आणि त्या पुड्यांची एकमेकींना चिकटलेली लांबलचक पट्टी. पालक तिच्या घरी कुणी खात नव्हतं. पण शुक्रवारी संध्याकाळी औषधांच्या दुकानातून बाहेर पडताना पिशवीत वरवर काहीतरी घरगुती दिसलेलं बरं, असा तिचा हिशेब होता.

मार्तेननं ते पाहिलं. तो दुकानाचा डच मुख्य फार्मासिस्ट. पाहायचं आणि पाहिलं नाही असं चालायला लागायचं, ही कला त्याला साधली होती. आजही तो दोन पावलं पुढे गेला. मग मात्र परत आला.

"पुढच्या महिन्यातल्या बैठकीत तू बोलायचंस," तो म्हणाला. "मुख्यालयाला आपलं उइटहॉर्नचं दुकान फार आवडलंय. विषयही त्यांनीच दिलाय. कपातीतही रुग्णसेवा कशी टिकवावी."

"मी?"

"खण बसवल्यापासून आपल्याकडे एकही तक्रार नाही. बाकी दुकानांत लोक भांडायला येतात."

खण म्हणजे दारापाशी उभी केलेली पोलादी भिंत. विमा कंपन्या देतात त्या पैशांत औषधं घरपोच करणं परवडत नाही, असं मुख्यालयानं वसंतात ठरवलं, स्कूटरवरून औषधं पोचवणाऱ्या म्हाताऱ्या पीटला केक भरवून निरोप दिला आणि ही भिंत आणली. फोनवर आकडा येतो, तो दाबला की आपापला खण उघडतो. ज्याला चालता येतं, वाकता येतं, बारीक आकडा वाचता येतो, अशा ठणठणीत माणसाला औषध मिळण्याची उत्तम सोय झाली होती.

उरलेल्यांकडे स्नेहल सायकलवरून जायची. घरी जाताना वाटेत. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी परवानगी दिली नव्हती.

"आणि आणखी एक," मार्तेन आवाज उतरवून म्हणाला. "सगळं इतकं सुरळीत चाललंय, तर दुपारनंतर काउंटर हवाच कशाला, असं म्हणतायत ते. योकेचा करार बहुधा वाढवणार नाहीत."

काउंटर सांभाळणारी योके आत बसून गोळ्या मोजत होती. तिला अजून माहीत नव्हतं. स्नेहलनं पिशवी उचलली. आज ती नेहमीपेक्षा जड वाटली.

*

"तू वर्कअराउंड आहेस," अंबरीश म्हणाला. दिवसभर कंप्युटरशी बोलून आल्यावर त्याला बायकोशी त्याच भाषेत बोलायची खोड होती.

"मराठीत सांग."

"सिस्टिम बंद पडलेली असते. पण एक येडं माणूस मागच्या दारानं सगळं हातानं चालवत बसतं. वरच्यांना वाटतं, वा, चाललंय की. मग ते आणखी दोन माणसं काढतात."

"येडं कोण?"

"मी नाव घेतलं का? एक शुक्रवार जाऊ नकोस. होऊ दे बोंबाबोंब. तक्रार नोंदली गेली की आकडा हलतो. आकडा हलल्याशिवाय इथे कुणी हलत नाही."

"काका ऐंशीच्या पुढे आहेत, अंबरीश. गुडघा वाकत नाही त्यांचा."

"त्यांचा मुलगा आहे ना, जयेश, तिकडे बेस्ट गावात?"

"तो रविवारी व्हिडिओ कॉल करतो."

"मग रविवारी कळेल त्याला. एरवी तू आहेस म्हणून त्यालाही कळत नाही."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून तिला राग आला. तिनं त्या रात्री पालकाची भाजी केली आणि त्याला दुसऱ्यांदा वाढली.

टिपणीसकाका ड्राफ्ट्समन म्हणून तरुणपणी हॉलंडमध्ये आले होते. बायको गेल्यावर एकटेच राहात. गुंडाळी देऊन निघायला दोन मिनिटं पुरली असती. पण काका चहा टाकत, आणि चहा होईपर्यंत स्नेहलचे डोळे काम करून घेत. चाल कशी आहे, धाप लागते का, मागच्या पुड्या फाडल्यात की नाही. या पाहण्याचं बिल कुठल्याच विमा कंपनीला लावता येत नाही.

गुरुवारी तिनं त्यांना फोन केला.

"काका, या शुक्रवारी मला जमणार नाही. दुकानात फोन करा. खणापर्यंत येता येत नाही असं स्पष्ट सांगा. नाही ऐकलं तर तक्रार लिहून घ्या म्हणावं."

"बरं."

"नक्की करा हं."

"करतो की. तुला बरं नाहीय का?"

"बरी आहे."

"मग पाहुणे आलेत?"

"हो," ती म्हणाली.

तिच्या शुक्रवारच्या वाटेवरच्या फेरहूफबाई या डच आजींनाही तिनं तेच सांगितलं. शुक्रवारी ती सरळ घरी गेली. पुढचे काही दिवस तिनं दुकानाच्या कंप्युटरवर खणांची यादी उघडली नाही. कुठला खण भरलेला आहे हे दिसलं असतं, तर तिला राहवलं नसतं.

*

तक्रार आली. सोमवारी दुकान उघडताच फेरहूफबाईंनी थेट मुख्यालयाला फोन लावला. डच माणूस तक्रारीत संकोच करत नाही, यावर स्नेहलची सगळी भिस्त होती. फक्त तक्रार खणांविरुद्ध नव्हती. दर शुक्रवारी येणारी ती भारतीय मुलगी आली नाही, मी तिच्यासाठी सफरचंदाचा केक कापून ठेवला होता, तो वाळला, अशी होती. औषध त्यांच्या शेजारणीनं आणून दिलं होतं.

गुरुवारी मार्तेननं स्नेहलला आत बोलावून दार लावलं.

"कोण मुलगी, कुणाच्या परवानगीनं जाते, अशी चौकशी झाली. मी म्हटलं, मला कल्पना नाही." हे त्यानं फार सहज सांगितलं. "मग त्यांनी खात्री करायला आणखी एका गिऱ्हाइकाला फोन केला. तुझ्या त्या मिस्टर टिपणीसना."

स्नेहलनं खुर्चीची पाठ धरली. "काय म्हणाले?"

"औषध वेळेवर मिळालं. खण उत्तम. घरी कुणी मुलगीबिलगी येत नाही. दहापैकी दहा गुण." मार्तेन हसला. सुटलेला माणूस हसतो तसा. "तेव्हा त्या बाई वयामुळे गोंधळतात असं धरून त्यांनी तक्रार बंद केली. आपण पुन्हा शून्यावर. भाषणात हे सांगू नकोस अर्थात."

ती काउंटरवर आली आणि तिनं यादी उघडली. टिपणीस, एम. खण भरलेला. गेल्या शुक्रवारपासून.

गुंडाळी काढून ती तशीच पांढऱ्या कोटात सायकलवर बसली. वर पालक ठेवायचं भान तिला राहिलं नाही.

*

दार उघडायला काकांना वेळ लागला. पायांत जुन्या सैल सपाता होत्या, त्याही टाचेशी दुमडून.

"अरे, आज गुरुवारीच? पाहुणे गेले वाटतं."

"काका, गोळ्या घेतल्यात का तुम्ही?"

"ये ना आत. चहा टाकतो."

"घेतल्यात का?"

ते खुर्चीत बसले. बसले म्हणजे खुर्चीवर टेकेपर्यंत त्यांना धाप लागली. "चारसहा दिवस नाही घेतल्या तर काय होतंय? आमच्या आईनं जन्मात गोळी घेतली नव्हती."

"मी तुम्हाला फोन करायला सांगितला होता. तक्रार करा म्हटलं होतं."

"तो तर त्यांचाच आला. बाई भलत्या चौकस. ती मुलगी येते का, काय नाव, किती दिवसांपासून." ते डोळे बारीक करून हसले. "मी काय आज आलोय का या देशात? म्हटलं ही पोरीच्या नोकरीवर उठलीय. साफ कानांवर हात ठेवले. वर म्हटलं, तुमचे ते खण म्हणजे काय सोय केलीत."

"काका..."

"आपल्या मुलीच्या पोटावर पाय देऊ का मी? एक शुक्रवार तुला जमलं नाही, तर लगेच चुगली करू?"

स्नेहलला बरंच काही सांगायचं होतं. पाहुणे आले नव्हते, इथपासून. ती खाली बसली आणि तिनं त्यांच्या पायजम्याचा काठ वर केला.

घोटा दिसत नव्हता. मोज्याचा वळ मांसात रुतला होता. पाणी काढणारी गोळी आठवडाभर खणात सुरक्षित होती, आणि पाणी इथे उतरलं होतं.

"जयेशला दाखवलंत?"

"व्हिडिओवर तोंडच दिसतं गं," काका समाधानानं म्हणाले.

तिनं त्यांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याला फोन लावला. रांगेत आपल्यापुढे काही जण आहेत, असं एक गोड बाई सांगू लागली. स्नेहलनं फोन स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तेव्हा तिथे खळगा होता. भिजलेल्या मातीत पडावा तसा, नीट, काठासकट.

"दुखत नाही मुळीच," काका म्हणाले. "बरं, ते भाषण होतं ना तुझं, मागे म्हणालीस ते? माझं नाव घे हवं तर. सांग, टिपणीसांची काही तक्रार नाही."

स्नेहल खळग्याकडे पाहात राहिली. मग तिनं मांडीवरचा फोन उचलला आणि कॅमेरा उघडला. गोड बाई बोलतच होती.

"हे कशाला आता?"

"भाषणासाठी."

काकांनी जरा विचार केला. "चेहरा घेऊ नकोस हं," ते म्हणाले. "उगाच तुझं नाव यायचं."

तिनं फोटो काढून पाहिला. तेवढ्यात खळगा भरत आला होता. फोटोत नुसता एका म्हाताऱ्याचा जाड पाय दिसत होता. त्यावरून कुणाला काहीच कळलं नसतं.

तिनं पुन्हा त्याच जागी अंगठा ठेवला, आणि या वेळी जास्त दाबला.