कॉम्प्रेसरची हवा

पिंकीचा लॅपटॉप तापून बंद पडायला लागला, तेव्हा कोंडीरामांना ते आपल्या हातातलं काम वाटलं. नात म्हणाली होती, "आबा, आत धूळ साचलीय. उद्याची ऑनलाइन मुलाखत झाली की दुकानात नेते." धूळच ना, कोंडीराम मनात म्हणाले.

त्यांचं आयुष्य भोसरीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर गेलं होतं. तिथं धूळ असो की लोखंडाचा कीस, औषध एकच, कॉम्प्रेसरची हवा. सुटी झाली की माणसं कपड्यांवर, चपलांवर, डोक्यावरसुद्धा हवा मारून घेत आणि मगच घरी जात. दुपारी पिंकी क्लासला गेल्यावर त्यांनी लॅपटॉप पिशवीत घालून जुन्या वर्कशॉपात नेला. बाजूच्या जाळीला हवेच्या नळीचं तोंड लावलं. आतून करड्या धुळीचा लोट निघाला आणि पंखा शिट्टीसारखा वाजला.

"कोंडीरामभाऊ, जपून. नाजूक वस्तू हाय," शेजारच्या मशीनवरचा जयदीप म्हणाला.

"तू बेरिंग साफ करायला कुणाकडून शिकलास?" असं विचारून कोंडीरामांनी आणखी एकदा हवा मारली.

घरी येऊन त्यांनी लॅपटॉप जागेवर ठेवला. मुलाखत नीट पार पडली, पिंकी खूश झाली, की मग सांगायचं त्यांनी ठरवलं होतं.

सकाळी पिंकीनं लॅपटॉप लावला. एरवी तासभर तरी चालायचा. आज चहा होईपर्यंतच बंद पडला, आणि पंख्याचा आवाजही येत नव्हता. तेवढ्यात तिचा भाऊ संघर्ष चाकणहून रात्रपाळी करून आला.

"दादा, काल परत गेम खेळलास ना?"

"हातसुद्धा लावला नाही."

"मग आपोआप झालं का? तू हेल्परच राहिलास, म्हणून मी पण तेच करू का?"

संघर्ष बूट सोडत होता. दुसराही बूट सोडला आणि न जेवता आत जाऊन आडवा झाला. कोंडीराम दाराशी बसले होते. बोलायची वेळ हीच होती. त्यांनी चहाचा रिकामा कप तोंडाला लावला.

दुकानात ते पिंकीबरोबर गेले. दुरुस्तीवाल्या धनेशनं खालचं झाकण खोललं आणि पंखा बोटानं हलवून पाहिला.

"पाती तुटलीत. प्रेशरची हवा कुणी मारली? पंखा भलताच जोरात फिरतो नि मोडतो. हे बघा, हवेबरोबर तेल पण आलंय."

"दादानंच," पिंकी म्हणाली. "कंपनीत नेला असणार."

"न्हाई," कोंडीराम म्हणाले. "मी नेलता. वर्कशॉपात."

पिंकी त्यांच्याकडे वळली. धनेश उगीचच स्क्रू गोळा करू लागला.

"आणि सकाळी गप्प बसलात?"

"पंखा आज मिळंल का?" कोंडीरामांनी धनेशला विचारलं.

नवा पंखा उद्याच मिळणार होता. मुलाखत मोबाइलवर देता आली असती, पण स्वतः केलेलं डिझाइन तिला लॅपटॉपवर उघडून दाखवायचं होतं. धनेश म्हणाला, "खाली दोन वाट्या ठेवा, म्हणजे वर उचलला जाईल. आणि बाहेरून वारा द्या." घरी टेबलफॅन लावून पाहिला, तर त्याच्या घरघरीत बोलणं ऐकू येईना. मग कोंडीराम कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे टेबलाच्या पलीकडे जमिनीवर बसले आणि हात वर करून पुठ्ठ्यानं वारा घालत राहिले. वर पिंकी इंग्रजीत बोलत होती. एकदा ती अडखळली, तेव्हा त्यांनी हात आणखी भराभर चालवला. खांदा भरून आला. लॅपटॉप मात्र शेवटपर्यंत चालला.

"कळवतो म्हणाले," कॉल संपल्यावर पिंकी म्हणाली. कोंडीरामांचा हात चालूच होता. "आबा, थांबा आता. दादाला मी फार बोलले. उठला की सांगते त्याला."

"तुझं तू सांग. माझं मी सांगतो."

आत पत्र्याखाली उकडत होतं. संघर्ष घामानं भिजून झोपला होता. कोंडीराम त्याच्या उशाशी बसले. उठवायचा धीर होईना, म्हणून पुठ्ठ्यानं त्यालाच वारा घालू लागले. थोड्या वेळानं संघर्षनं डोळे उघडले.

"आबा, वारा कशाला घालताय?"

"ते राहू दे. आधी ऐक," कोंडीराम म्हणाले आणि पुठ्ठा खाली ठेवला.