सात नंबरचा लॉकर

माणसाच्या डोक्यावर छप्पर आले की त्याचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात, असे संस्थेच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापले आहे. उरलेले निम्मे प्रश्न बारा लोखंडी लॉकरमध्ये असतात, हे छापायचे राहून गेले.

हे लॉकर संस्थेच्या दिवसाच्या केंद्रात, अंघोळीच्या खोल्यांना लागून होते. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाने सकाळी आपले सामान आत टाकावे, किल्ली गळ्यात अडकवावी आणि मोकळ्या हातांनी कामाला लागावे, अशी ही साधी सोय. दर आठवड्याला दोन पानी अर्ज भरायचा आणि घर मिळाले की आठ दिवसांत किल्ली परत करायची. हा दुसरा नियम केला तेव्हा कुणालाच घर मिळत नव्हते, त्यामुळे तो सुरळीत चालला होता.

मग सुतारकाकांना खोली मिळाली. सहा वर्षे पदपथावर काढलेला हा माणूस तिसऱ्या मजल्यावर, स्वतःच्या नळासकट राहायला गेला. समितीने टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. अध्यक्ष दातांचे निवृत्त डॉक्टर असल्यामुळे फोटोत सर्वांत मनापासून हसले. दुसऱ्या दिवशी काका नेहमीच्या वेळी केंद्रावर हजर. सात नंबरचा लॉकर उघडून त्यांनी आपली पिशवी जागेवर असल्याची खात्री केली, लॉकर बंद केला आणि चहा घेत बसले ते दुपारपर्यंत. असे दीड महिना चालले.

"काका, किल्ली," केंद्र सांभाळणाऱ्या ताई रोज म्हणायच्या.

"देतो की. पळून चाललोय का?"

"पळाच असं म्हणतेय मी. घर आहे तुम्हाला."

"आहे. आज आहे."

त्या 'आज'पुढे ताईंचे काही चालत नसे. काकांना याआधी दोनदा घर होते. दोन्ही वेळा बाहेर पडायला तासाभराचीही मुदत मिळाली नव्हती, आणि दुसऱ्या वेळी हत्यारांची पेटी आतच राहिली होती. आता पिशवीत एक रंधा, तीन पटाशा आणि सगळे कागदपत्र होते.

इकडे संस्थेच्याच मुलींच्या निवाऱ्यात एकोणीस वर्षांची एक मुलगी राहत होती. कुणाशीही, कशावरूनही वाद घालायची, म्हणून तिला सगळे वकीलबाई म्हणत. तिला आयुष्यातली पहिली नोकरी लागली होती: मोठ्या लाँड्रीत, इस्त्रीवर, सोमवारपासून. पण निवारा सकाळी आठला सामानासकट रिकामा करावा लागे, कारण त्यामुळे मुलींमध्ये स्वावलंबन रुजते. आणि लाँड्रीत बॅग आत नेता येत नसे, कारण पूर्वी कुणीतरी बॅगेतून अकरा चादरी नेल्या होत्या. म्हणजे लॉकर नाही तर नोकरी नाही, इतका सरळ मामला. अकरा लॉकर भरलेले होते. उरलेल्या एकात घर असलेल्या माणसाची पिशवी होती.

समितीने शुक्रवारी या विषयावर दोन तास चर्चा केली आणि तिघांची उपसमिती नेमली. अहवाल महिन्याभरात येणार होता.

वकीलबाई महिनाभर थांबणाऱ्यातली नव्हती. शनिवारी ती काकांसमोर खुर्ची ओढून बसली.

"काका, तुम्हाला घरही आहे आणि लॉकरही. मला दोन्ही नाही. हे कुठल्या कायद्यात बसतं?"

"किल्लीचं सोडून बोल."

"सोडून काय बोलू, हवापाण्याचं? सोमवारी बॅग घेऊन गेले तर गेटवरूनच हाकलतील मला."

काकांनी कप खाली ठेवला. "लाँड्री कुठली, पुलापलीकडची?"

"हो."

"मग माझी खोली वाटेतच आहे. तिथं ठेव जाताना."

ताई नोंदवही तशीच सोडून उठून आल्या. "अहो काका, तुमची पिशवी इथं आणि तिची बॅग तुमच्या घरी? त्यापेक्षा तुमची पिशवी घरी न्या आणि लॉकर तिला द्या ना!"

"तिच्या बॅगेला काही झालं तर जबाबदार मी. माझ्या पिशवीला काही झालं तर जबाबदार कोण?"

ताईंनी विचार केला. यात काहीतरी चुकतंय हे त्यांना कळत होते, पण नेमके कुठे ते सापडेना. वकीलबाईला मात्र मुद्दा तत्काळ पटला.

"पावती देणार?" तिने विचारले.

"लाकडाची देतो."

रविवारी काकांनी खोलीच्या दाराला जाडजूड कडी बसवली. दीड महिना हे काम त्यांना सुचले नव्हते, पण आता दुसऱ्याच्या मालाचा प्रश्न होता. फेकलेल्या खोक्यांच्या फळ्या तासून त्यांनी भिंतीला मांडणी ठोकली. सोमवारी आठ वाजून दहा मिनिटांनी वकीलबाई जिने चढून आली.

"फुटण्यासारखं काय आहे यात?"

"आरसा."

"मग वरच्या फळीवर."

पावती म्हणून मिळालेला लाकडी बिल्ला खिशात टाकून, हात हलवत ती लाँड्रीच्या गेटातून आत गेली. पहारेकऱ्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. संध्याकाळी बॅग घ्यायला आली तेव्हा काका दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"कुणी आलं होतं का?"

"कोण येणार? सकाळपासून इथंच आहे मी. चहासुद्धा घरीच केला."

"जमला?"

"केंद्रापेक्षा बरा. घेतेस?"

तिने घेतला. साखर जास्त होती, आणि तिने तसे सांगितलेही.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. काकांकडे अर्ज नव्हता, बिल्ला होता. आधी छत्र्या दुरुस्त करणारा आला, मग दोघे हमाल, मग एकेक करून बाकीचे लॉकरवाले. महिन्याभरात मांडणीवर बारा बॅगा झाल्या आणि काका लोकांना जिन्यात रांग लावायला लावून दमात घेऊ लागले.

मग उपसमितीने लॉकरची प्रत्यक्ष पाहणी केली आणि वेळेत अहवाल दिला: 'लॉकरची मागणी लक्षणीयरीत्या घटली असून हे संस्थेच्या कार्याचे यश आहे.' अध्यक्षांनी ताईंचे अभिनंदन केले.

सात नंबर सोडून बाकीच्या अकरा लॉकरमध्ये सध्या वार्षिक अहवालांचे गठ्ठे आहेत.