वर्तणूक: बरी

आधीच सांगते, मी अंगठेबहाद्दर हाय. जगदेवी माझं नाव. मुरुडच्या शाळेत अकरा वर्षं घंटा मारते अन् पाणी भरते. पण डोकं माझं लई गरम हाय, अन् आज ते कुणाच्या बापाला आवरणार न्हाई.

लातूर नवा जिल्हा झाला, त्याचा मेळावा मार्चात आमच्या मैदानावर. विहिरी फेब्रुवारीतच आटल्या होत्या. गावात टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. तर खेळाचे मास्तर हणमंतराव यांनी तो अर्धा टँकर मैदानावर ओतायला लावला. कशाला? तर कवायतीत धूळ उडू न्हाई म्हणून! अन् पाण्याच्या खोलीला कुलूप. "तहान मारली की चारित्र्य घडतं," म्हणायचे. सोता मंडपाच्या सावलीत शिट्टी फुंकत बसले होते.

दोन तास पोरी उन्हात उभ्या. नववीची गौरम्मा धाडकन पडली. कुणी हललं न्हाई, शिट्टी कुठं वाजली होती! एकटी दहावीची सालेहा रांग मोडून पळत आली. "मावशी, पाणी!" मी कुलूप काढलं, तिनं तांब्या नेला.

"खोली कुणी उघडली?" सर गरजले.

किल्ली माझ्याच कमरेला. नोकरी डोळ्यापुढं आली. सालेहा म्हणाली, "मी उघडली सर. मावशीला न विचारता किल्ली घेतली." अन् मी मेली गप उभी राहिले!

जूनमध्ये सालेहा पास झाली. तिला मास्तरीण व्हायचं होतं, लातूरच्या कॉलेजात अर्ज भरायचा होता. शाळा सोडल्याचा दाखला मीच नेऊन दिला. क्लार्कनं वाचून दाखवलं, "वर्तणूक: बरी." मला लई आनंद झाला. आपल्यात बरं म्हणजे चांगलंच की! तब्येत बरी, लेकरू बरं. तिची आई साबेरा, तिनं गल्लीत साखर वाटली.

आठव्या दिवशी अर्ज परत आला. बरी चालत न्हाई, चांगली पायजे. उद्या शेवटची तारीख. क्लार्कला विचारलं तर म्हणाला, बाकी सगळ्या पोरींची चांगली, हिची एकटीचीच बरी. हणमंतरावांनी लिहायला लावलं.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. प्रार्थना चालू होती, तशीच पुढं गेले.

"हेडमास्तर, खोली मी उघडली होती. पोरगी माझ्यापायी खोटं बोलली. चारित्र्य म्हणता ना? ते त्या मैदानावर एकटीकडंच होतं. माझ्याकडं नव्हतं, अन् शिट्टीवाल्याकडं तर कधीच नव्हतं! गौरम्मा मेली असती तर तिच्या दाखल्यावर काय लिहिलं असतं, वर्तणूक चांगली?"

सरांनी शिट्टी तोंडाला लावली. गौरम्मा रांगेतून ओरडली, "मावशी खरं बोलायली!" मग कुणी शिट्टी ऐकलीच न्हाई.

हेडमास्तरांनी मान खाली घालून नवा दाखला लिहिला. सालेहा दुपारच्या एसटीनं लातूरला गेली.

मला संध्याकाळी मेमो मिळाला. क्लार्कनं वाचला, "वर्तणूक बरी नाही." ह्या बारीला अर्थ विचारावा लागला न्हाई. अंगठा द्यायला सांगितला, तर म्हणलं, थांब, सालेहा सुट्टीत आली की सही शिकवणार हाय. सहीच करीन.