नवं मागे, जुनं पुढे

"अगं, साबण दे गं!"

काकांनी बाथरूमचं दार वीतभर उघडून हाक मारली. तोंडाला फेस, डोळे मिटलेले, आणि हातात साबणाची नखाएवढी चकती, तीही निसटून मोरीत गेलेली.

"कपाटात आहे, घ्या तुमचा तुम्ही," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. मग जरा थांबून, "शेवटचा आहे. जपून वापरा."

काका टॉवेल गुंडाळून, चाचपडत कपाटापाशी गेले. दार उघडलं, डोळे पुसले आणि तसेच उभे राहिले. अंगावरून पाणी निथळून फरशीवर तळं व्हायला लागलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. समोर कपाटाची पाठ दिसत होती. हिरवीगार. हे कपाट त्यांनी स्वतः चोवीस वर्षांपूर्वी रंगवलं होतं, आणि आतून हिरवा रंग दिलाय हे ते साफ विसरून गेले होते.

विसरतील नाही तर काय! चोवीस वर्षांत ती पाठ कुणाला दिसलीच कुठे होती? साबण, टूथपेस्ट, शाम्पू, धुण्याची पावडर, केसांचा रंग, तळपायाचं मलम, टाल्कम, सगळं छताला टेकेपर्यंत. काका त्याला 'कोठार' म्हणायचे. महिन्यातून एकदा तरी कपाटापुढे उभं राहून ते पाहुण्यांना सांगायचे, "उद्या युद्ध पेटलं, तर आम्ही उपाशी मरू. पण अंघोळ करून मरू." पाहुणे हसायचे. काकू म्हणायच्या, "हसा. लागलं की माझ्याकडेच याल."

आणि यायचेच सगळे. दुकान बंद असलं की अख्खी इमारत काकूंच्या दारात. काकू पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून. कचेरीतल्या कामाचा त्यांना कंटाळा, पण कुपनांचा नाही. रविवारची पुरवणी आली की चहाच्या आधी कात्री. पाकिटांच्या मागची, पत्रकांवरची, पुरवणीतली कुपनं निळ्या फाईलच्या कप्प्यांत तारखेप्रमाणे लागलेली असायची. एकावर एक फुकट असेल तिथे काकू हटकून पोचायच्या. आणि आणलेल्या मालाला एकच कायदा होता, नवं मागे, जुनं पुढे. नवी वस्तू हात लांबवून कपाटाच्या पाठीला टेकवायची, आधीच्या पुढे ओढायच्या, झाकणावर मार्करने महिना नि वर्ष टाकायचं. त्यामुळे घरात ताजा साबण असा कुणी कधी वापरलाच नाही. लेक लहान असताना एकदा मैत्रिणीकडून आली नि डोळे मोठे करून म्हणाली, "आई, त्यांच्या साबणाला वास येतो!" पुढे ती सासरी गेली तेव्हा सामानात धुण्याच्या पावडरीची अकरा पाकिटं होती. जावई पहिल्यांदा राहायला आला, तेव्हा त्याच्यापुढे पाच टूथब्रश धरून काकूंनी विचारलं होतं, "रंग कुठला?"

त्या घरात आज 'शेवटचा' हा शब्द ऐकू आला होता.

काकांनी कशीबशी अंघोळ उरकली. साबण त्यांनी खरंच जपून वापरला. पण डोकं भिरभिरायला लागलं ते लागलंच.

चार महिन्यांपूर्वी काकूंच्या उजव्या स्तनात गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्या रजेवरच होत्या. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, वेळेत सापडली, सगळं काढलंय, रिपोर्ट स्वच्छ आहे. रोज एक गोळी, आणि सहा महिन्यांनी दाखवायला या. नर्सने हाताचा व्यायाम शिकवला होता. भिंतीशी उभं राहून बोटं चालवत हात वर न्यायचा, पोचेल तिथे पेन्सिलीने खूण करायची, दुसऱ्या दिवशी खूण ओलांडायची. पहिल्या पंधरवड्यात हॉलच्या भिंतीवर चार खुणा चढल्या. पाचवी काही चढली नाही. काका जाता-येता त्या खुणा बघायचे. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट बघून त्यांना जसं व्हायचं, तसं व्हायचं. (स्वतः ते बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे, आणि त्यावरचा विनोद त्यांना जो तो एकदा तरी ऐकवायचाच.) आज हिरवी पाठ दिसली आणि सगळं एकदम जुळलं. चार महिन्यांत हिने एक वस्तू साठ्याला आणली नाही. पुरवण्या दिवाणाखाली न उलगडता पडल्यात. हात वर जात नाही, कारण ती नेतच नाही.

काका काही फार खोलात शिरणाऱ्यांतले नव्हते. पण बायकोने पुढच्या दिवसांची आशा सोडलीय, हे त्यांना साबणावरून कळलं. आणि त्यांना भीती वाटली. ऑपरेशनच्या दिवशीही वाटली नव्हती एवढी.

"ह्या महिन्यात काही भरलं नाहीस?" नाश्त्याला बसताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"लागेल तसं आणू."

लागेल तसं! हे काकूंच्या तोंडी.

गुरुवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी काकूंचा डोळा लागला, तशी दिवाणाखालून वरच्या दोन पुरवण्या ओढल्या, कात्री घेतली आणि गॅलरीत मांडी घालून बसले. पत्रा कापून हात बसलेला. कुपनं अशी सुबक कापली की चौकटीची रेघसुद्धा हलली नाही. चौकटीखाली बारीक अक्षरांची एक पट्टी लोंबत होती. ती काही शोभेना. काकांनी तीही सफाईने कापून काढली. टाकली मात्र नाही. वाकडे स्क्रू नि झिजलेले वॉशरसुद्धा जपणारा माणूस. पट्ट्या त्यांनी वॉशरच्या डब्यात ठेवल्या. मग निळी फाईल काखोटीला मारून दुकानात गेले.

गल्ल्यावरच्या मुलीने कुपनं उलटसुलट करून पाहिली. "काका, ह्याची खालची पट्टी कुठाय?"

"कसली पट्टी?"

"अहो, त्याच्यावरच तर तारीख नि नंबर असतो. पट्टी नाही तर हे नुसतं चित्र झालं."

मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. "चित्र छान कापलंय पण," कुणी म्हणालं. काकांचे कान तापले. तेवढ्यात मुलीची नजर फाईलवर गेली.

"अय्या! तुम्ही फाईलवाल्या काकूंचे मिस्टर? काकू कुठायत? किती दिवसांत दिसल्या नाहीत!"

"बरं नव्हतं तिला. आता बरी आहे."

मुलीने खाली वाकून खणातून रबर लावलेला एक गठ्ठा काढला. "त्यांच्यासाठी पत्रकं बाजूला ठेवत होते मी. दर आठवड्याचं. म्हटलं, येतीलच. येतील ना?"

"येणार म्हणजे काय! येणारच," काका म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले, रांगेने वळून बघितलं.

मग त्यांनी गठ्ठा फाईलमध्ये सारला आणि आत मांडण्यांकडे गेले. काकूंची एकच चैन होती, चेहऱ्याला लावायचं एक क्रीम. निळ्या झाकणाची डबी, त्यांना बरोबर पाच महिने पुरायची. काका मांडणीपुढे गुडघ्यांवर बसले, चष्मा लावला आणि एकेक डबी उलटी करून तळाची तारीख वाचायला लागले. पुढच्या डब्यांची तारीख जवळची, मागच्यांची लांबची. दुकानाचाही कायदा तोच आहे, हे त्यांना आत्ता कळलं. मग पार खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी सगळ्यात मागच्या सहा डब्या काढल्या. तारीख पुढच्या तीन वर्षांची. पूर्ण किंमत मोजून सहाही घेतल्या.

काका घरी आले तेव्हा काकू उठून टेबलाशी बसल्या होत्या. काकांनी डब्या त्यांच्यासमोर ओळीने मांडल्या.

"हे काय?"

"तुझं क्रीम."

"सहा?"

"तारीख बघ."

काकूंनी एक डबी उलटी केली. पाहिली. सावकाश खाली ठेवली. "सहा डब्या म्हणजे अडीच वर्षं," त्या म्हणाल्या. "कशाला आणल्यात?"

"तुला लागतील म्हणून."

"आणि नाही लागल्या तर?"

काकू डब्यांकडेच बघत राहिल्या.

"तुमच्या आई गेल्या, तेव्हा त्यांची पावडरीची डबी अर्धी राहिली होती. आठवतंय? दोन वर्षं ती त्यांच्या कपाटात तशीच होती. तुम्हाला ती टाकवत नव्हती आणि बघवतही नव्हती. ते कपाट उघडायचं झालं की तुम्ही मला हाक मारायचात. शेवटी मी टाकली, तर तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. एका डबीची ही कथा. आणि मी तुमच्यासाठी अख्खं कपाट ठेवून जाऊ?"

"म्हणून रिकामं करत होतीस?"

"हळूहळू. मागेल त्याला देत गेले, तुम्हाला कळणार नाही अशा बेताने."

काकांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. शर्टाच्या बाहीने नाक पुसलं आणि म्हणाले, "हे बघ. मी लिफ्ट दुरुस्त करतो, नि आतल्या कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख लिहून येतो. एकतीस वर्षं लिहितोय. तोवर लिफ्ट बंद पडणार नाही, असं मी कुणाला लिहून देत नाही. लिफ्टचं मला काय माहीत? पण मी येणार असतो, म्हणून तारीख टाकतो. तारखेशिवाय कार्ड सोडलं, तर त्या लिफ्टमध्ये पाय ठेवील का कुणी? तू चार महिने मला बिनतारखेच्या घरात ठेवलंयस. मला नाही राहता येत."

बाहेर कुणीतरी जिना चढत होतं, त्याची पावलं पार वरपर्यंत ऐकू आली.

"मलाही भीती वाटते हो," काकू शेवटी म्हणाल्या. "साबण हातात घेतला की मनात येतं, हा आधी संपेल की मी?"

"साबणच संपतो गं. एवढे संपवलेस की तू."

काकू ओले डोळे पुसता पुसता हसल्या. उगीच हाताला चाळा म्हणून त्यांनी पत्रकांच्या गठ्ठ्याचं रबर काढलं आणि वरचं पत्रक उलगडलं. उलगडलं आणि त्यांच्या भुवया चढल्या.

"अहो! हे पूर्ण किमतीत आणलंत?"

"हो."

"सहाच्या सहा? शनिवारपर्यंत कुपनावर तीनवर एक फुकट असताना?" चार महिन्यांत हा आवाज घरात ऐकू आला नव्हता. "डोळे आहेत का बटणं? दोन पुरवण्यांत मिळून दोन कुपनं असणार. ती कुठायत?"

"ही काय. पण पट्टी कापली मी."

"पट्टी कापली!" काकूंनी कपाळाला हात लावला. लावला तो उजवा. "आणि टाकलीत?"

"छे. वॉशरच्या डब्यात आहेत."

"आणा तो डबा. आणि चिकटपट्टी. नंबर नि तारीख वाचता आली की फाटकं कुपनसुद्धा घ्यावं लागतं त्यांना, मागे छापलेलंच असतं. पावती कुठाय? तीन दिवसांत परत घेतात."

वॉशरमधून पट्ट्या वेचत, कुठली कुठल्या कुपनाची हे जुळवत दोघं संध्याकाळपर्यंत बसले. काकांनी मुद्दाम दोनदा चुकीची जोडली. काकू दोन्ही वेळा ओरडल्या.

शनिवारी सकाळी काकू चार महिन्यांनी तीन जिने उतरल्या, काखेत फाईल. गल्ल्यावरच्या मुलीने उठून त्यांचे दोन्ही हात धरले, आणि चिकटवलेली कुपनं बघून दोघीही काकांकडे वळून हसल्या. काकांना ते हसणं अजिबात लागलं नाही.

सहा डब्यांच्या आठ झाल्या.

"आठवी उरणार," घरी आल्यावर झाकणांवर महिना टाकताना काकू म्हणाल्या. "तीन वर्षांत माझ्या सातच संपतात."

"आठवी मी लावीन."

"त्या तोंडाला? डबीने काय पाप केलंय?"

क्रीमची जागा सगळ्यात वरच्या फळीवर. काका सवयीने डब्या उचलायला गेले.

"थांबा," काकू म्हणाल्या. "मी ठेवते."

काका बाजूला झाले. कपाटाचं दार त्यांनी धरून ठेवलं, खरं तर त्या दाराला धरायची काही गरज नव्हती. काकूंनी पहिली डबी उजव्या हातात घेतली आणि हात वर न्यायला लागल्या. खांद्याशी थांबल्या. ओठ दाबला. पुन्हा नेला. पहिल्या तीन डब्या फळीच्या काठावरच राहिल्या. चौथीला कपाळावर घाम आला. काकांचा हात दोनदा पुढे झाला, दोनदा त्यांनी तो मागे घेतला. काकूंनी बोटांनी एकेक डबी आत सरकवत नेली, टाचा उचलल्या, कोपर सरळ झालं, आणि आतून बारीक आवाज आला. टक्. डबी हिरव्या पाठीला टेकली होती.

"पोचली," काका म्हणाले.

काकूंनी तिच्यापुढे एकेक करत बाकीच्या लावल्या. बराच वेळ लागला. मग फळीच्या कोपऱ्यात राहिलेली जुनी डबी त्यांनी सगळ्यांच्या पुढे ओढली, झाकण उघडून आत बघितलं. तळाशी बोटभर क्रीम होतं.

"ही आधी संपवते," त्या म्हणाल्या आणि बोट आत घातलं.