चौथ्यांदा पहिलटकरीण

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. पण मूल जगलंच नाही, तर पहिलं संपणार कधी? म्हणून मी तीनदा पहिलटकरीण होऊन नागपूरहून उमरेडला आईकडे गेले, आणि तिन्ही वेळा सहाव्या-सातव्या महिन्यात सगळं संपवून रिकामी परतले.

सासूबाई तोंडाच्या फटकळ. त्यांनी निकालच देऊन टाकला, "तुह्या मायचं घर लाभत नाही तुले." माझ्या नवऱ्यानं, रुपरावांनी, मान डोलावली, त्यांची मान त्याच कामासाठी होती. वाईट एवढंच की आईनंही तो निकाल मानला. दिवाळीलासुद्धा ती मला बोलवेनाशी झाली.

तिसऱ्या खेपेनंतर रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी पिशवीत औषध सोडून फोटो काढला. तो उजेडाकडे धरून म्हणाल्या, "गोपिका, तुझ्या गर्भपिशवीत मधोमध पडदा आहे. जन्मापासूनचा. बाळाला वाढायला जागाच पुरत नाही, म्हणून ते लवकर बाहेर येतं. यात कुणाचाच दोष नाही. ऑपरेशन करून पडदा काढता येईल."

मी इतकी खूश झाले की बाईंना वाटलं, हिला काही कळलंच नाही. अहो, कळलं म्हणूनच! माझ्या आईचं घर दोषातून सुटलं होतं. तशीच स्टँडवर गेले आणि उमरेडची बस धरली.

आमचं घर विणकरांचं. आई मागावर बसली होती. मी दारातूनच ओरडले, "माय, तुह्या घराचा काही दोष नाही वं! माह्या पिशवीतच पडदा हाय. जन्मापासून!"

तिचा हात थांबला. "जन्मापासून? म्हंजे माह्या पोटात होती तवापासून?"

"हो."

ग्रहणात गरोदर बाईनं काही चिरू-कापू नये, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आई म्हणाली, "तू पोटात होती तवा गिऱ्हाण लागलं होतं. व्यापारी दारात उभा होता. म्या मागावरचं लुगडं कापून देल्लं. थेच तुह्या पोटात उतरलं बाई."

"काहीच्या काही काय बोलून राहिली, माय?" मी चिडले, समजावलं, शेवटी रडले. घराचा दोष एका वाक्यात गेला होता. हा मात्र जागचा हलेना.

ऑपरेशन झालं. पुढच्या वर्षी दिवस राहिले. डॉक्टरीणबाईंनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि घरीच, खाटेच्या पायथ्याखाली विटा लावून, पडून राहायला सांगितलं. रुपराव कामावर जात, सासूबाई ताट ठेवून निघून जात. आईला निरोपावर निरोप धाडले. "माह्या हाताचं काही लागू नये तिले," एवढंच उत्तर आलं. मी पोटातल्या जिवाशी बोलायचे, दुसरं होतं कोण? सगळ्यांचा राग यायचा, आईचा सगळ्यात जास्त. आणि आईच हवी असायची.

आठवा सरता सरता मुलगी झाली. लहानशी, पण जिवंत आणि खणखणीत रडणारी. आई दवाखान्यात आली ती दारातच थांबली.

"रडते ना वं नीट?"

"तूच पाय. घे."

मी पोर तिच्यापुढे धरली. आईचे दोन्ही हात पुढे आले आणि मधेच थबकले. तिनं ते पदराखाली घेतले.

"दुरूनच पायतो बाई मी," ती म्हणाली.

हात भरून आले तरी मी पोर तशीच धरून ठेवली. ती पुढे आली नाही.