अण्णांचं पारणं

माझे सासरे राजाराम, म्हणजे आमचे अण्णा, बेचाळीस साली इंग्रजांच्या तुरुंगात अकरा दिवस उपाशी राहिले होते. शहाऐंशी साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला, माझ्या घरात बावीस दिवस उपाशी राहिले. मागणी एकच, मला सांगलीला परत पाठवा. आमच्या ह्यांना, गिरीशना, वाटलं की चार दिवसांत भूक लागेल. अहो, स्वतःच्या बापाला ओळखत नाही म्हणजे काय! नुसत्या लिंबूपाण्यावर म्हातारा पार काडी झाला, तेव्हा कुठे तिकीट काढलं.

शनिवारी पारणं ठेवलं. मी पुरणपोळ्या केल्या, वर तूप, श्रीखंड, बटाट्याची भाजी. चाळीस माणसं आली, त्यांत पाच डॉक्टर: हाडांचे, डोळ्यांचे, कातडीचे, दातांचे आणि भूल देणारे आमचे हे. पाचही जण अण्णांना म्हणत होते, "घ्या हो अण्णा, लाजू नका, वीकनेस आलाय!" शेजारच्या मेजर व्हिटकरनाही बोलावलं होतं. ब्रिटिश आर्मीतून रिटायर होऊन लेकीकडे राहायला आलेले, अबोल गृहस्थ.

अण्णांनी पहिला घास उचलला आणि मेजर ताडकन उठले. अण्णांच्या हातातला घास काढून घेतला, पुढचं ताट उचललं आणि किचनमध्ये नेऊन सिंकमध्ये पालथं केलं.

माझं डोकंच फिरलं. "दीडशे वर्षं लुटलंत, तरी पोट भरलं नाही का मेल्यांनो?" मी आधी मराठीत ओरडले, मग इंग्लिशमध्येही. अण्णा म्हणाले, "मेजर, तुमच्या सरकारनंसुद्धा माझ्या पुढचं ताट ओढलं नव्हतं. उलट रोज दोन वेळा आणून ठेवायचे."

मेजर ओट्याला टेकून उभे राहिले. "पंचेचाळीसच्या एप्रिलमध्ये आम्ही जर्मनीत बेल्सनच्या छावणीत शिरलो," ते म्हणाले. "नाझींनी लोकांना उपाशी मारायला ठेवलं होतं. फाटकाजवळ एक माणूस बसलेला होता, नुसता सांगाडा. मी माझा मटणाचा डबा फोडून दिला. त्यानं आणखी मागितलं, मी आणखी दिलं. त्यानं माझ्या हाताचा मुका घेतला. संध्याकाळी तो गेला. इतक्या दिवसांच्या उपाशी शरीराला एकदम जड अन्न सोसत नाही, हे मला मागाहून कळलं. नाझींना चार वर्षांत जमलं नाही, ते मी एका दुपारी केलं."

पाचही डॉक्टर आपापल्या ताटांत बघत बसले.

"हे आम्हाला शिकवलं होतं खरं," गिरीश हळूच म्हणाले.

"मग बावीस दिवस काय झोपला होतात?" मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. कारण पुरणपोळ्या तर मीच केल्या होत्या. घरचं माणूस अशक्त दिसलं की वाढत सुटायचं, दुसरं काही आम्हाला सुचतच नाही.

गिरीशनी अण्णांना तिथेच तपासलं, फ्लाइट कॅन्सल केली. ह्या वेळी अण्णांनी हट्ट धरला नाही. मी तांदळाची पातळ पेज करून आणली आणि चमचा मेजरांच्या हातात दिला. म्हटलं, तुमच्यामुळे वाचले, पहिला घोट तुम्हीच पाजा.

अण्णांनी तोंड उघडलं. मेजरांचा हात काही पुढे जाईना. चमचा लटलट हलत होता, पेज त्यांच्या पँटवर सांडत होती.

"मेजर," अण्णा म्हणाले, "थोडीच आहे. द्या."